घटक ६ : वाचनालयातील काम आणि जगाच्या वार्ता – आनुषंगिक ज्ञानार्जनाचा विचार

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• औपचारिक, अनौपचारिक आणि आनुषंगिक ज्ञानार्जन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मराठी वाचनालये व वृत्तपत्रे यांनी परदेशी वार्ता गावापर्यंत कशा पोहोचवल्या, हे सोदाहरण सांगता येईल.
• वाचनालयातील दैनंदिन कामांतून जगाविषयीची माहिती कशी मिळत जाते, याचे विवेचन करता येईल.
• परदेशी वार्तेच्या मराठी भाषेतील महत्त्वाचे अर्थभेद ओळखता येतील.
• सहज कानी-डोळी पडलेल्या माहितीचे रूपांतर ज्ञानात करण्यासाठी टिपणवही ठेवता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, याआधीच्या घटकांत आपण वृत्तलेखनाचा विचार केला. बातमी कशी मिळवावी, तिचा मथळा कसा द्यावा, तिची मांडणी कशी करावी, हे प्रश्न बातमी लिहिणाऱ्याच्या बाजूचे होते. प्रस्तुत घटकात आपण बाजू बदलणार आहोत. बातमी ज्याच्या हाती पडते आणि ज्याने ती मिळवण्याचा खास प्रयत्न केलेला नसतो, अशा व्यक्तीच्या बाजूने आपण विचार करणार आहोत.

समजा, तुम्ही बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव येथे राहता आणि गावातल्या सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ काम करता. मानधन अल्प आहे. सकाळी कुलूप उघडणे, झाडलोट करणे, वर्तमानपत्रे मांडून ठेवणे, पुस्तकांची देवघेव करणे आणि संध्याकाळी हिशेब लिहून दार लावणे, असे तुमच्या कामाचे स्वरूप आहे. रात्री तुम्ही मुक्त विद्यापीठाचे पुस्तक उघडता आणि मनात म्हणता, “दिवस कामात गेला, अभ्यास आता सुरू.” या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे. काम ते काम आणि अभ्यास तो अभ्यास, हे ते गृहीतक होय. ते कितपत खरे आहे, हे तपासणे हा या घटकाचा हेतू आहे.

तुम्ही वाचनालयात काम करत नसाल, तरी हा घटक तुमच्यासाठी आहे. किराणा दुकान, बाजार समिती, टपाल कार्यालय, एसटीचा थांबा, शाळेचे कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणी जगाच्या वार्ता येतात. वाचनालयात त्या छापील स्वरूपात आणि रोज येतात, म्हणून अभ्यासासाठी ते उदाहरण सोयीचे आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ आनुषंगिक ज्ञानार्जन : संकल्पना

ज्ञानार्जनाचे स्थूलमानाने तीन प्रकार मानता येतात.

(अ) औपचारिक ज्ञानार्जन : यात अभ्यासक्रम, शिक्षक, परीक्षा आणि प्रमाणपत्र असते. तुम्ही सध्या घेत असलेले पदवीचे शिक्षण या प्रकारात मोडते.

(आ) अनौपचारिक ज्ञानार्जन : यात शिकण्याचा हेतू असतो, परंतु अभ्यासक्रम वा परीक्षा नसते. शेजाऱ्याकडून ठिबक सिंचनाची जोडणी समजून घेणारा शेतकरी किंवा आत्याकडून गोधडी शिवायला शिकणारी मुलगी ही याची उदाहरणे होत.

(इ) आनुषंगिक ज्ञानार्जन : यात शिकण्याचा हेतूच नसतो. माणूस दुसरेच काम करत असतो आणि त्या कामाच्या अनुषंगाने काही शिकून जातो. बऱ्याचदा आपण शिकलो, याची त्याला जाणीवही नसते.

कारेन वॉटकिन्स आणि व्हिक्टोरिया मार्सिक या अभ्यासकांनी १९९० साली कामाच्या ठिकाणी घडणाऱ्या अनौपचारिक व आनुषंगिक ज्ञानार्जनावर ग्रंथ लिहून या विषयाची सविस्तर मांडणी केली. प्रौढ माणसाच्या शिक्षणाचा मोठा भाग वर्गाबाहेर घडतो, हे त्यांच्या मांडणीमागील सूत्र आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आनुषंगिक ज्ञानार्जनाला हेतू नसतो, तशीच पद्धतही नसते. म्हणून त्यातून जे हाती येते ते तुकड्यातुकड्यांचे असते. हे तुकडे जोडण्याचे काम शिकणाऱ्यालाच करावे लागते. ते कसे करावे, हे आपण पुढे पाहणार आहोत.

६.२.२ मराठी वाचनालये आणि परदेशी वार्ता : पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली आणि पुण्याचे आज ‘पुणे नगर वाचन मंदिर’ म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालय १८४८ साली स्थापन झाले. पुण्याच्या ग्रंथालयाच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे आहे.

याच काळात मराठी वृत्तपत्रेही वाढत होती. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. म्हणजे मराठी वृत्तपत्राने पहिल्या दिवसापासूनच वाचकाच्या पुढ्यात आपली भाषा आणि दूरच्या जगाची भाषा एकत्र ठेवली होती. ‘केसरी’ १८८१ साली सुरू झाला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात एका आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेचा पराभव केला, तेव्हा त्या वार्तांनी मराठी वाचकांच्याही मनात स्वातंत्र्याची आशा जागवली. जपान कोणी पाहिला नव्हता. पण त्याच्या विजयाचा अर्थ वाचकाने स्वतःच्या परिस्थितीशी जोडून घेतला होता.

ही वाचनसंस्कृती केवळ शहरांपुरती राहिली नाही. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी पत्र अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून चालवले. वृत्तपत्र गावात वाचलेच जाते असे नव्हे, तर गावात निघूही शकते, हे त्यांनी दाखवून दिले. अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण याहून बोलके आहे. औपचारिक शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या या कलावंताने दुसऱ्या महायुद्धातील रशियन जनतेच्या झुंजीवर ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. व्होल्गाकाठच्या लढाईची वार्ता मुंबईच्या कामगार वस्तीत आली आणि डफ-तुणतुण्याच्या साथीने ती मराठी लोककलेचा विषय झाली. माहितीचे ज्ञानात आणि ज्ञानाचे कलेत रूपांतर कसे होते, याचा हा नमुना होय.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. जगाची वार्ता वऱ्हाडात आली ती प्रथम कापसाच्या भावातून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरण्यांना मिळेनासा झाला. त्यामुळे हिंदुस्थानातील, विशेषतः वऱ्हाडातील, कापसाला मागणी वाढली आणि भाव चढले. युद्ध संपल्यावर अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव उतरले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा सुरू झाला. खामगावची कापूसपेठ अशा रीतीने थेट लिव्हरपूलशी जोडली गेली. परंतु भाव का चढला आणि का उतरला, हे शेतात राबणाऱ्या किती जणांना ठाऊक होते? ज्यांना ठाऊक होते ते व्यापारी होते. वार्ता कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, या प्रश्नाला असा आर्थिक अर्थही असतो. वाचनालयाचे महत्त्व या संदर्भात समजून घ्यावे.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ संमत झाला. या कायद्याच्या आधारे शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान देण्याची व्यवस्था आहे. आज राज्यात अशी हजारो ग्रंथालये आहेत आणि त्यांतील बरीचशी ग्रामीण भागात आहेत. तेथील मुक्तद्वार वाचनकक्षात कोणालाही वर्गणी न भरता वर्तमानपत्र वाचता येते.

६.२.३ दैनंदिन कामे आणि त्यांतून मिळणारी माहिती

वाचनालयातील प्रत्येक कामाकडे ‘यातून काय कळते?’ या दृष्टीने पाहिले, तर पुढील गोष्टी लक्षात येतात.

१) वृत्तपत्रांची नोंद व मांडणी : सकाळी आलेल्या प्रत्येक अंकावर शिक्का मारावा लागतो आणि नोंदवहीत त्याची नोंद करावी लागते. शिक्का मारताना मथळ्यावर नजर जातेच. चार वृत्तपत्रे असतील, तर एकाच घटनेचे चार मथळे दिसतात. एक पत्र ‘हल्ला’ म्हणते, दुसरे ‘कारवाई’ म्हणते, तिसरे ‘चकमक’ म्हणते. हा फरक सामान्य वाचकाला दिसत नाही, कारण तो बहुधा एकच पत्र वाचतो. तुम्हाला मात्र तो रोज विनासायास दिसतो.

२) नियतकालिकांची देखभाल : ‘साधना’सारखे साप्ताहिक, ‘लोकराज्य’ किंवा ‘योजना’सारखी मासिके आणि स्पर्धा परीक्षांची मासिके टेबलावर लावताना एक गोष्ट कळते. दैनिकात जी घटना तीन ओळींत आटोपते, तिची कारणमीमांसा काही आठवड्यांनी साप्ताहिकात आणि मासिकात येते. एकाच विषयाचा कालक्रम तुमच्या हातांखालून जातो.

३) वर्गीकरण : मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ साली मांडलेली दशांश वर्गीकरण पद्धती अनेक ग्रंथालयांत वापरली जाते. तिच्यात आंतरराष्ट्रीय संबंधांना ३२७, तर भारताच्या इतिहासाला ९५४ हा क्रमांक आहे. पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक चिकटवताना एखाद्या परदेशी वार्तेचे मूळ कोणत्या कपाटात सापडेल, हे आपोआप पाठ होते. गोविंद तळवलकर यांचे ‘सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त’ हे पुस्तक तुम्ही वाचले नसेल. पण ते कोठे आहे हे माहीत असणे, ही वाचनाची पहिली पायरी आहे.

४) कात्रणे व जुने अंक : रद्दीसाठी गठ्ठे बांधताना जुने मथळे पुन्हा समोर येतात. ‘युद्ध आठवडाभरात संपेल’ असे भाकीत केलेला सहा महिन्यांपूर्वीचा अंक हाती आला की, भाकितांवर किती विश्वास ठेवावा, याचा धडा मिळतो.

५) वाचकांशी संवाद : डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे, असे त्यांतील एक सूत्र सांगते. ते पाळायचे, तर वाचकाच्या प्रश्नाला उत्तर शोधून द्यावे लागते. वाचनकक्षात बसलेले एखादे आजोबा चष्मा सारखा करत विचारतात, “काहो, हे युक्रेन कुठीसा आलं? तिथं लढाई सुरू झाली, त आपल्या इथं तेल काऊन महागलं?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तुम्ही नकाशाचे पुस्तक उघडता, त्या क्षणी आनुषंगिक ज्ञानार्जन हेतुपूर्ण ज्ञानार्जनात बदलते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ‘दर्पण’ हे पत्र ............ साली सुरू झाले.
२. दशांश वर्गीकरणात आंतरराष्ट्रीय संबंधांचा क्रमांक ............ आहे.
३. जलंब-खामगाव रेल्वेफाटा ............ साली सुरू झाला.

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. आनुषंगिक ज्ञानार्जनात शिकण्याचा हेतू आधीपासून असतो.
२. मुक्तद्वार वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचण्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही.

६.२.४ एका वार्तेचा मागोवा : युक्रेन ते डोणगाव

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आता पायरीपायरीने शोधू.

पहिली पायरी : २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. दुसऱ्या दिवशीच्या पत्रांत हा पहिल्या पानावरचा मुख्य मथळा होता. त्यानंतरचे काही आठवडे तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’द्वारे परत आणण्याच्या बातम्या येत राहिल्या. परदेशी वार्तेला अशा वेळी ओळखीचा चेहरा मिळतो.

दुसरी पायरी : बाजारभावाच्या पानावर सूर्यफूल तेल महागल्याची बातमी येते. भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. त्यांतील सूर्यफूल तेलाचा मोठा वाटा युक्रेन आणि रशिया या दोन देशांतून येत असे. काळ्या समुद्रातील बंदरे बंद पडताच तो पुरवठा अडला.

तिसरी पायरी : एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मे महिन्यात उठवण्यात आली. ही बातमी आतल्या पानावर, कदाचित एका स्तंभात छापलेली असते. युक्रेनच्या बातमीशी तिचा संबंध पत्रात सांगितलेला असेलच असे नाही.

चौथी पायरी : सूर्यफूल, पाम आणि सोयाबीन ही तेले स्वयंपाकात एकमेकांची जागा घेऊ शकतात. एकाची टंचाई झाली की, मागणी दुसऱ्याकडे वळते आणि त्याचाही भाव चढतो. म्हणून युक्रेनमध्ये न पिकणाऱ्या तेलाचा डबाही डोणगावच्या दुकानात महाग होतो.

पाचवी पायरी : सोयाबीन हे आपल्या भागातील खरिपाचे प्रमुख पीक आहे. म्हणजे तेलाच्या भाववाढीने जो ग्राहक त्रासतो, त्याच घरात सोयाबीन विकणारा शेतकरीही असतो. एकच वार्ता एका घरात दोन अर्थ घेऊन येते.

मात्र येथे घाईने निष्कर्ष काढू नये. जागतिक भाव चढला म्हणजे बाजार समितीतला भाव त्याच प्रमाणात चढतो, असे नाही. आवक, धान्यातील ओलावा, पेंडेची मागणी आणि शासनाचे धोरण यांचाही परिणाम होतो. ऑगस्ट २०२१ चे उदाहरण पाहा. त्या वर्षी सोयाबीनचे भाव विक्रमी पातळीवर गेले होते. कोंबड्यांचे खाद्य महागल्याची तक्रार कुक्कुटपालन उद्योगाने केली आणि केंद्र शासनाने जनुक-परिवर्तित सोयाबीनपासून तयार झालेली १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. नवे पीक निघण्याच्या तोंडावर झालेल्या या निर्णयाला शेतकरी संघटनांनी विरोध केला. नव्या हंगामात भाव बरेच खाली आले. या घसरणीत आयातीचा वाटा किती आणि नव्या पिकाच्या आवकेचा किती, हे एका बातमीवरून ठरवता येत नाही. परंतु असा निर्णय झाला आहे, हे ऑगस्टमध्येच ज्याला कळले, त्याला विक्रीचा विचार करायला थोडा अधिक अवधी मिळाला. ज्याला ते बाजार समितीच्या आवारात प्रथम कळले, त्याला तो मिळाला नाही.

वाचनालयातील कर्मचाऱ्याने या परिस्थितीत काय करावे? भाव वाढेल की पडेल, हे सांगणे त्याचे काम नाही. ती बातमी कोणत्या दिवशीच्या कोणत्या पानावर आहे, हे दाखवणे मात्र त्याचे काम आहे. या दोन गोष्टींमधली मर्यादा नीट सांभाळणे, हीच त्याची विश्वासार्हता होय.

६.२.५ परदेशी वार्तेची मराठी भाषा

मराठीचे विद्यार्थी म्हणून या विषयाची भाषिक बाजू तुम्ही विशेष लक्षपूर्वक पाहावी. बहुतेक परदेशी वार्ता वृत्तसंस्थांकडून इंग्रजीत येतात आणि संपादकीय विभागात मराठीत आणल्या जातात. त्यामुळे पुढील बाबी अभ्यसनीय ठरतात.

(अ) जवळच्या अर्थाचे शब्द : ‘युद्धविराम’ म्हणजे लढाई थांबवणे, ‘तह’ म्हणजे वाद मिटवणारा करार. युद्धविराम झाला तरी युद्ध संपलेले नसते. ‘निर्वासित’ हा छळामुळे वा युद्धामुळे परागंदा झालेला असतो. ‘स्थलांतरित’ हा रोजगारासाठीही गाव सोडतो. ऊसतोडीसाठी दरवर्षी बाहेर पडणारी कुटुंबे स्थलांतरित आहेत, निर्वासित नाहीत. हा भेद गावच्या अनुभवाने चटकन समजतो.

(आ) विधानाचा आधार सांगणारी क्रियापदे : ‘सांगितले’, ‘दावा केला’, ‘आरोप केला’, ‘कबूल केले’, ‘समजते’ ही क्रियापदे एकसारखी नाहीत. ‘शंभर सैनिक ठार झाले’ आणि ‘शंभर सैनिक ठार केल्याचा दावा लष्कराने केला’ या दोन वाक्यांत सत्याची जबाबदारी वेगवेगळ्या ठिकाणी आहे. पहिल्या वाक्यात ती वृत्तपत्राने घेतली आहे. दुसऱ्यात ती लष्करावर टाकली आहे. वाचकाला बातमी सांगताना ‘दावा’ हा शब्द गाळला, तर बातमी बदलते.

(इ) विशेषनामांचे लेखन : परदेशी नावे देवनागरीत एकसारखी लिहिली जात नाहीत. युक्रेनची राजधानी काही पत्रांत ‘कीव’, तर काहींत ‘किव्ह’ अशी दिसते. ‘तुर्कस्तान’, ‘तुर्की’ आणि ‘तुर्किये’ ही तीन नावे एकाच देशाची आहेत. २०२२ मध्ये त्या देशाच्या विनंतीवरून संयुक्त राष्ट्रांनी ‘तुर्किये’ हे रूप स्वीकारले. हे माहीत नसेल, तर वाचक दोन देश समजण्याची शक्यता असते.

(ई) मापे : अमेरिकेतील शिकागोच्या बाजारात सोयाबीनचा भाव बुशेलमध्ये सांगतात. सोयाबीनचा एक बुशेल सुमारे २७.२ किलोग्रॅमचा असतो. आपल्याकडे भाव क्विंटलचा असतो. खनिज तेलाचे पिंप सुमारे १५९ लिटरचे असते. माप बदलून घेतल्याशिवाय तुलना करणे व्यर्थ आहे.

६.२.६ आनुषंगिक ज्ञानार्जनाच्या मर्यादा

या प्रकारच्या ज्ञानार्जनाचे गुणगान करून थांबणे योग्य नाही. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत.

पहिली मर्यादा खंडिततेची. मथळा वाचला जातो. बातमी राहून जाते. घटनेचा आरंभ कळतो. शेवट कळत नाही, कारण शेवट आतल्या पानावर छापला जातो.

दुसरी मर्यादा निवडीची. तुमच्यापर्यंत जे येते ते आधीच कोणीतरी निवडलेले असते. युरोपातील युद्धाला जितकी जागा मिळते, तितकी आफ्रिकेतील दुष्काळाला मिळेलच असे नाही. जे छापले गेले नाही, ते घडलेच नाही असे समजणे चूक आहे.

तिसरी मर्यादा खोट्या आत्मविश्वासाची. वीस देशांची नावे ओळखीची झाली म्हणजे त्या देशांचे ज्ञान झाले, असा भास होतो. मोबाइलवर येणाऱ्या संदेशांमुळे हा धोका वाढला आहे. वाचनालयातील माणसाच्या शब्दाला गावात वजन असते. म्हणून त्याने ऐकीव गोष्ट खात्रीची म्हणून सांगितली, तर होणारे नुकसानही अधिक असते. “मला ठाऊक नाही, आपण पाहू,” असे म्हणता येणे ही विद्वत्तेचीच खूण आहे.

६.२.७ टिपणवही : माहितीकडून ज्ञानाकडे

वरील मर्यादांवर साधा उपाय आहे. एक शंभर पानी वही घ्यावी आणि रोज एकच नोंद करावी. नोंदीला पाच रकाने पुरेत : काय घडले, कोणी सांगितले, हे ठिकाण कोठे आहे, आपल्याशी संबंध काय आणि न समजलेला शब्द कोणता. नमुन्यादाखल एक नोंद पाहा.

काय घडले : नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार सरोवराचा ‘रामसर’ पाणथळ क्षेत्रांच्या यादीत समावेश झाला.
कोणी सांगितले : दैनिकाच्या जिल्हा पानावरील बातमी.
ठिकाण : लोणार आपल्याच जिल्ह्यात, मेहकरच्या शेजारच्या तालुक्यात.
संबंध : उल्काघाताने बसाल्ट खडकात तयार झालेले हे सरोवर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच वर्षी जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाले होते आणि ती बातमी जगभर गेली होती.
न समजलेला शब्द : रामसर.

शेवटच्या रकान्याने पुढचा शोध सुरू होतो. रामसर हे कोणा व्यक्तीचे नाव नसून इराणमध्ये कॅस्पियन समुद्राच्या काठी असलेले शहर आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणाचा करार तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला, म्हणून अशा जागांना रामसर स्थळे म्हणतात. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर. लोणार हे दुसरे. जिल्हा पानावरील चार ओळींची बातमी आपल्याला इराणपर्यंत घेऊन गेली. जगाची वार्ता नेहमी बाहेरून आत येते असे नाही. कधीकधी ती आपल्या शेजारच्या गावातून जगाकडे जाते.

महिन्याच्या शेवटी सर्व नोंदी एकदा वाचाव्यात. ज्या घटनांचा पाठपुरावा राहिला असेल, त्यांच्यापुढे खूण करावी. वर्षाअखेर तुमच्याकडे तीनशेच्या आसपास नोंदी असतील. त्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाहीत, कारण त्यांतील ‘संबंध’ हा रकाना फक्त तुम्हीच भरू शकता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘युद्धविराम’ आणि ‘तह’ यांत कोणता फरक आहे?
२. सूर्यफूल तेल महागल्यास सोयाबीन तेलाचा भाव का चढतो?
३. ‘रामसर’ हे नाव कोठून आले?

(आ) योग्य पर्याय निवडा.
‘दावा केला’ या क्रियापदामुळे विधानाच्या सत्यतेची जबाबदारी (वृत्तपत्रावर / दावा करणाऱ्यावर / वाचकावर) राहते.

६.३ समारोप

या घटकात आपण आनुषंगिक ज्ञानार्जनाची संकल्पना पाहिली आणि ती वाचनालयातील कामाच्या उदाहरणाने समजून घेतली. १८६० च्या दशकात कापसाच्या भावामागची वार्ता ज्यांच्याकडे होती ते मोजके होते. आज ती वार्ता गावच्या वाचनकक्षातील टेबलावर रोज येऊन पडते. ती वाचली जाणे, नीट समजणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचणे यांसाठी मात्र मधे कोणीतरी असावे लागते. शिक्का मारणारा, गठ्ठे बांधणारा, “तो अंक त्या फळीवर आहे” असे सांगणारा माणूस हे काम करत असतो. त्याने स्वतःला केवळ चावी सांभाळणारा समजू नये. दिवसभराचे काम आणि रात्रीचा अभ्यास यांच्यामधली भिंत वाटते तितकी जाड नाही. टिपणवहीचे एक पान तिच्यात दार पाडू शकते.

६.४ पारिभाषिक शब्द

आनुषंगिक : एखाद्या मुख्य गोष्टीच्या ओघात, तिच्या सोबतीने येणारे.
मुक्तद्वार वाचनकक्ष : सर्वांना विनामूल्य खुली असलेली वाचनाची खोली.
देवघेव : सभासदांना पुस्तके देणे व परत घेणे.
वृत्तसंस्था : वृत्तपत्रांना बातम्या पुरवणारी संस्था.
पाणथळ क्षेत्र : कायम किंवा हंगामी पाणी साचून राहणारा भूभाग.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) १. १८३२ २. ३२७ ३. १८७० (आ) १. चूक २. बरोबर

प्रश्न – २ : (अ) १. युद्धविरामात केवळ लढाई थांबते, तर तहाने वाद मिटवणारा करार होतो. २. ही तेले एकमेकांची जागा घेऊ शकत असल्याने मागणी सोयाबीन तेलाकडे वळते. ३. पाणथळ क्षेत्रांच्या संरक्षणाचा करार जेथे झाला, त्या इराणमधील शहराच्या नावावरून. (आ) दावा करणाऱ्यावर

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. आनुषंगिक ज्ञानार्जनाची संकल्पना स्पष्ट करून तुमच्या स्वतःच्या कामातील दोन उदाहरणे द्या.
२. ‘वार्ता कोणाकडे आहे, या प्रश्नाला आर्थिक अर्थही असतो’ या विधानाची वऱ्हाडातील कापूस व सोयाबीन यांच्या आधारे चर्चा करा.
३. परदेशी वार्तेच्या मराठी भाषेची वैशिष्ट्ये सोदाहरण लिहा.
४. आनुषंगिक ज्ञानार्जनाच्या मर्यादा सांगून त्यांवरील उपाय सुचवा.

६.७ क्षेत्रीय कार्य

१. तुमच्या गावातील किंवा जवळच्या वाचनालयात सलग सात दिवस जा. एकाच परदेशी घटनेचे दोन वृत्तपत्रांतील मथळे उतरवून घ्या. त्यांतील नामे व क्रियापदे यांची तुलना करून दोन पानी टिपण तयार करा.
२. वाचनकक्षात नियमित येणाऱ्या एका ज्येष्ठ वाचकाशी बोला. त्यांनी वृत्तपत्रातून प्रथम जाणलेली परदेशी घटना कोणती आणि तिचा त्यांनी काय अर्थ लावला, हे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. त्यांची अनुमती घेतल्याशिवाय नाव लिहू नका.